कडू घास घेऊन कोणीच आले नाही : आत्महत्येने माणूस गेलेल्या घराला सोलापुरात आधार कोठे मिळेल?

उत्तरकसबा (धाग्याची सुरुवात)

माझा धाकटा भाऊ जाऊन आता १४ महिने झाले. तो आत्महत्येने गेला, हे वाक्य मी आज पहिल्यांदाच पूर्ण लिहीत आहे, कारण आमच्या गल्लीत आणि भावकीत ‘अटॅक आला’ असेच सांगितले गेले आणि मीही तेच सांगत आले.

आपल्याकडे कोणाच्या घरी मयत झाले की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक पिठले-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना जवळ बसवून बळेबळे दोन घास भरवतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. २०१६ मध्ये वडील गेले तेव्हा आमच्या ओट्यावर डबे ठेवायला जागा उरली नव्हती. भाऊ गेला त्या दिवशी पंचनामा, जबाब, शवविच्छेदन यांतच रात्र झाली, आणि सगळे उरकून घरी आलो तेव्हा ओट्यावर एकही डबा नव्हता. हे लोक वाईट होते असे मला म्हणायचे नाही, कारण हीच माणसे वडिलांच्या वेळी रात्र रात्र बसून होती; या मरणाच्या घरात जाऊन बोलायचे काय, हे त्यांना उमगले नसावे. रात्री साडेअकरा वाजता मीच खिचडी टाकली. आईने ती खाल्ली नाही.

भाऊ अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवत असे. त्याचा मोबाइल पोलिसांकडून ४ महिन्यांनी परत मिळाला. तेव्हापासून आई तो रोज रात्री न विसरता चार्जिंगला लावते, आणि पहाटे पावणेसहाला त्याने लावून ठेवलेला गजर वाजतो. आई तो बंद करत नाही आणि कोणाला करूही देत नाही. तो पूर्ण वाजून थांबला की मग ती उठते. याबद्दल आम्ही दोघी आजवर एक शब्दही बोललेलो नाही.

ज्यांच्या घरातले माणूस असे गेले आहे, ती माणसे एकत्र बसू शकतील असे ठिकाण सोलापुरात आहे का? पुण्या-मुंबईत काही संस्था हे काम करतात असे कानावर आले आहे, पण आई गाव सोडून कोठेही येणार नाही. एक विनंती आहे की कोणी कसे आणि कोठे गेले याचे तपशील कृपया येथे लिहू नयेत. ते वाचायची माझी अजून ताकद नाही, आणि माझ्यासारखे इतरही हे वाचत असतील.

माजी_शिक्षिका

ताई, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. माझा मुलगा २०११ मध्ये गेला. तो २२ वर्षांचा होता आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता.

पहिली दोन वर्षे माझ्या डोक्यात ‘का’ याशिवाय दुसरे काही नव्हते. आदल्या रात्री तो जेवताना काय म्हणाला, ताटात किती भात टाकला, मी त्याला परीक्षेबद्दल विचारले तेव्हा आवाज चढवला होता का, हे मी इतक्या वेळा आठवले की खरी आठवण कोणती आणि मी मनाने रचलेली कोणती, हेही कळेनासे झाले. यजमान एका शब्दानेही बोलत नसत. ते बोलत नाहीत म्हणजे मला दोष देतात असे मी समजत होते, आणि ते मात्र मी त्यांना दोष देते असे समजून गप्प होते. एका घरात राहून हे उलगडायला आम्हाला तीन वर्षे लागली.

मला ज्या गोष्टीने सावरले ती फार साधी होती. आमच्या शाळेतल्या एक सहकारी बाई दर गुरुवारी संध्याकाळी येऊ लागल्या. येताना पिशवीत किलोभर शेंगा आणत, वर्तमानपत्र पसरत, आणि आम्ही दोघी शेंगा फोडत बसत असू. पहिले पाच-सहा गुरुवार त्यांनी मला काहीच विचारले नाही. मग एकदा मान खाली घालून, हातातली शेंग फोडता फोडता त्या म्हणाल्या, ‘‘त्याला चटणी कुठली आवडायची, उखळातली का मिक्सरमधली?’’ आणि त्यांनी माझ्या मुलाचे नाव घेतले. इतक्या महिन्यांत घराबाहेरच्या कोणीही ते नाव माझ्यासमोर उच्चारले नव्हते. लोकांना वाटे की नाव घेतले तर मला त्याची आठवण येईल, जणू एरवी ती येतच नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो कसा गेला हे सोडून तो कसा होता याबद्दल बोलले. उखळातलीच चटणी लागायची त्याला, आणि तीही भाकरीवर तेल सोडून.

तुम्ही विचारलेले ठिकाण माझ्या माहितीत नाही. माझे घर मात्र आहे.

भक्तिमार्ग

अशा अकाली मृत्यूनंतर त्र्यंबकेश्वरी नारायणबळी करावा असे आमच्याकडे सांगतात, नाहीतर आत्म्याला गती मिळत नाही. आपण केला नसल्यास लवकर करून घ्यावा. वाईट हेतूने सांगत नाही.

उत्तरकसबा

आपला हेतू वाईट नाही हे मी जाणते. पण हेच वाक्य एका नातेवाईक बाईंनी आईला तेराव्याच्या दिवशी सांगितले आणि आई रात्रभर ‘‘माझा लेक कुठं भटकतोय गं’’ असे म्हणत बसली होती. तो विधी करायचा की नाही, याचा निर्णय मला अजून घेता आलेला नाही.

माजी_शिक्षिका

आम्ही नारायणबळी केला होता. यजमानांना त्यातून शांतता मिळाली, आपण मुलासाठी काहीतरी करू शकलो असे त्यांना वाटले, आणि ते समाधान खरे होते. तेव्हा ज्यांना करावेसे वाटते त्यांनी जरूर करावे. मात्र ‘घराला दोष लागेल, दुसऱ्यावर संकट येईल’ अशी भीती घालून कोणी करायला लावत असेल, तर त्या माणसाला दोन हात लांब ठेवावे. आधीच खचलेल्या घरावर घातलेले ते नवे ओझे असते. आईंना म्हणावे, जिवंत असताना तो रोज तुमच्यापाशीच परत येत होता, तो भटकणारा मुलगा नव्हता.

समाजसेवा_अधीक्षक

मी एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते आणि अशा घरांतील माणसे मला शवविच्छेदनगृहाच्या बाहेरील बाकावर भेटतात. त्या वेळी त्यांना पाणी देण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, याची खंत मला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, महाराष्ट्रातील होते. अमेरिकेतील संशोधक ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या अंदाजानुसार अशा एका मृत्यूची झळ त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या सुमारे १३५ जणांपर्यंत पोहोचते. आपल्याकडे भावकी आणि गल्ली धरली तर हे समजायला अवघड नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी मागे राहिलेल्यांना द्यायच्या या आधारासाठी ‘पोस्टव्हेन्शन’ असा स्वतंत्र शब्द तयार केला, आणि हा आधार म्हणजे पुढच्या पिढीसाठी केलेला प्रतिबंधच होय असे मांडले. त्यामागे कारण आहे. ज्यांच्या जवळचे माणूस आत्महत्येने जाते, त्यांच्या स्वतःच्या मनात तसे विचार येण्याचा धोका इतर शोकाकुल माणसांपेक्षा अधिक असतो. म्हणून या घरांना आधार देणे ही केवळ सहानुभूतीची बाब नाही.

हे दुःख वेगळे असते, कारण त्यात शोकाबरोबर अपराधी वाटणे, लाज, आणि गेलेल्या माणसाचा रागही एकत्र येतो. त्या रागाबद्दल तर लोक स्वतःशीही बोलत नाहीत. ‘मला सांगितले का नाहीस’ हा राग प्रेमाच्या आड येत नाही, तो प्रेमातूनच येतो. ‘का’ या प्रश्नाबद्दल एवढेच सांगते की कर्ज, भांडण, नापास होणे, आजार यांपैकी एकच एक कारण बोटाने दाखवता यावे असे बहुधा नसते. अनेक गोष्टी आणि बऱ्याचदा ओळखू न आलेला मानसिक आजार यांची ती गुंतागुंत असते. आज मागे वळून पाहताना जे संकेत ठळक दिसतात, ते तेव्हा इतर शंभर साध्या गोष्टींत मिसळलेले होते.

आता ठिकाणांबद्दल. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि तेथे केवळ ‘रुग्ण’ म्हणून जायचे असते असे नाही. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, छाती भरून येते, एवढे सांगूनही डॉक्टरांना भेटता येते. दुसरे म्हणजे ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा, जी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र आणि विनामूल्य चालते. मराठीत बोलता येते, तसेच कन्नड आणि तेलुगूतही, जे आपल्या शहरासाठी फार महत्त्वाचे आहे. ही सेवा फक्त संकटातल्या माणसासाठीच आहे असा समज आहे, पण मागे राहिलेले आई-वडील, बहीण, पती, पत्नी कोणीही फोन करू शकतात. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात ‘त्याच्यामागे मीही जावे’ असे येत असेल, तर त्यांनी आजची रात्र उलटू देऊ नये. १४४१६ वर फोन करावा आणि घरातल्या एका तरी माणसाला शेजारी बसवून ठेवावे.

पुण्यातील कनेक्टिंग ट्रस्ट ही संस्था आत्महत्येने आप्त गमावलेल्यांसाठीही काम करते, चेन्नईतील स्नेहा ही संस्था १९८६ पासून या क्षेत्रात आहे. सोलापुरात मात्र अशा माणसांची नियमित बैठक चालते असे मी पाहिलेले नाही. ती सुरू करायला इमारत किंवा निधी लागत नाही, एक घर लागते. माजी शिक्षिका बाईंनी ते वर देऊ केले आहे, आणि कोणी बसणार असेल तर मी माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन मदत करीन.

पूर्वभाग

मी येथे पहिल्यांदाच लिहीत आहे. आमची मातृभाषा तेलुगू असल्यामुळे लिहिण्यात चूक झाल्यास समजून घ्यावे. माझी पत्नी दीड वर्षापूर्वी गेली. लग्नाला ११ वर्षे झाली होती. मला एक मुलगी आहे, ती आता ९ वर्षांची आहे.

मुलीला आम्ही ‘अम्मा दवाखान्यात गेली होती, तिथेच वारली’ असे सांगितले होते. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी तसेच सांगायचे ठरवले होते आणि मला तेव्हा स्वतःचे डोके नव्हते. पुढे शाळेतल्या एका मुलाने तिला खरे सांगितले, तेही वाईट शब्दांत. त्या दिवशी ती घरी येऊन दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मी केस विंचरू दिले नाहीत म्हणून अम्मा गेली का?’’ शेवटच्या दिवशी सकाळी तिने वेणी घालू दिली नव्हती. माझी मुलगी ७ महिने हे मनात घेऊन झोपत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

लहान मुलांना काय सांगावे, हे मला कोणीतरी सांगावे. मी तेव्हा काहीच बोलू शकलो नाही, नुसते तिला जवळ घेतले.

समाजसेवा_अधीक्षक

अण्णा, तुम्ही जवळ घेतले हे पहिले उत्तर बरोबरच होते.

मुलांना खरे सांगावे, त्यांच्या वयाला पेलेल इतके आणि त्यांच्या विश्वासातल्या माणसाने. कसे झाले याचा तपशील सांगायचा नसतो. ‘‘अम्माच्या मनाला खूप मोठा आजार झाला होता, त्या आजारात तिला वाटले की आता जगता येणार नाही, आणि तिने स्वतःचा जीव घेतला. हे तुझ्यामुळे झाले नाही, माझ्यामुळे झाले नाही, वेणीमुळे तर मुळीच झाले नाही,’’ अशा शब्दांत सांगता येते. मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारील, कधी जेवताना, कधी सिग्नलला गाडी थांबलेली असताना. प्रत्येक वेळी तेच खरे उत्तर शांतपणे द्यावे. मुलांना मोठ्यांच्या कुजबुजीतून अर्धवट कळतेच, आणि उरलेले अर्धे ती स्वतःला दोषी धरून पूर्ण करतात. तुमच्या मुलीने नेमके तेच केले. तिच्या वर्गशिक्षिकेला भेटून हे सांगून ठेवावे, म्हणजे वर्गात कोणी काही बोलले तर तिला आधार असेल. आणि वेणी कोण घालते आता? तुम्ही घालत असाल तर तीच वेळ बोलायला सर्वांत चांगली.

पूर्वभाग

मीच घालतो. नीट येत नाही, पण ती आता बसून राहते.

दिवाणी_फौजदारी

मी येथे वकिली करतो. कागदपत्रांच्या भीतीपोटी अनेक कुटुंबे खोटे सांगत राहतात असा माझा अनुभव आहे, म्हणून चार गोष्टी लिहितो.

अशा प्रत्येक मृत्यूची पोलिसांकडे ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते. पंचनामा, शवविच्छेदन आणि घरच्यांचे जबाब हे त्या चौकशीचे भाग आहेत. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. जबाब घेतला म्हणजे आपल्यावर आरोप झाला, असे नव्हे. लग्नाला सात वर्षे पूर्ण होण्याआधी विवाहितेचा असा मृत्यू झाल्यास चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाते, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे, त्यात कोणावर वैयक्तिक संशय असतोच असे नाही. फोन, वही, चिठ्ठी अशा वस्तू चौकशीसाठी जप्त होतात. त्या परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो करायला संकोच बाळगू नये.

‘ही गुन्ह्याची गोष्ट आहे, तोंड उघडू नका’ असे घरातली जुनी माणसे सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ चा, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा, सर्वसाधारण गुन्हा ठेवलेलाच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल वेगळे कलम आहे, पण त्याचा तुमच्या दुःखाशी संबंध नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १७ नुसार मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. म्हणजे बँकेत, शाळेत, वारस नोंदीसाठी जो दाखला तुम्ही देता, त्यावर ते लिहिलेलेच नसते. गेल्या वर्षी एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे दाखला रुमालात गुंडाळून घेऊन आले होते आणि तो उलगडून मला दाखवायलाही तयार नव्हते. मी त्यांना तो वाचून दाखवला तेव्हा ते खुर्चीतच रडले.

विम्याचेही तसेच. आयुर्विमा सुरू होऊन किंवा पुनरुज्जीवित होऊन १२ महिने उलटलेले असतील, तर आत्महत्येच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. १२ महिन्यांच्या आत असेल आणि पॉलिसी चालू असेल, तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के रक्कम किंवा समर्पण मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणारी रक्कम), यांपैकी जे अधिक असेल ते वारसदाराला मिळते. तेव्हा ‘काही मिळणार नाही’ असे कोणी तोंडी सांगितले तर लेखी मागावे.

मंगळवेढा_शिवार

माझे दीर शेतकरी होते. आमच्याकडे ज्वारीचे कोरडवाहू रान आहे. शेतकरी आत्महत्येनंतर शासनाकडून १ लाख रुपयांची मदत मिळते, त्यांतले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. त्यासाठी थकीत कर्ज, जमीन अशा गोष्टी तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. आमचे प्रकरण अपात्र ठरले, कारण कर्ज सावकाराचे होते आणि त्याचा कागद नव्हता.

पैसे मिळाले नाहीत याचे दुःख झाले, पण माझ्या जावेला खरे लागले ते त्या शब्दाचे. ती आजही म्हणते, ‘‘माणूस गेला माझा, आणि कागदावर त्याला अपात्र लिहिलं.’’ मदत कोणत्या निकषांवर द्यायची हे शासनाने ठरवावेच लागणार हे मला समजते. पण तिला तो शब्द टपालाने आलेल्या कागदावर एकटीने वाचावा लागला, तो सांगायला एक माणूस घरी यायला हवा होता. आमच्या गावात अशी तीन घरे आहेत आणि तिन्ही घरांच्या बायका एकाच नळावर पाणी भरतात. त्यांनी एकमेकींशी याबद्दल कधीही बोललेले मी ऐकलेले नाही. हा धागा मी जावेला वाचून दाखवला आहे.

उत्तरकसबा

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, दाखल्याची गोष्ट वाचून मी कपाटातून भावाचा दाखला काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. खरोखरच त्यावर कारण नाही. १४ महिने मी त्या कागदाला घाबरत होते.

काल संध्याकाळी मी आईला सांगितले की शेजारच्या काकूंना मी खरे सांगणार आहे. आई काही बोलली नाही. मी गेले आणि सांगितले. काकू म्हणाल्या, ‘‘आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे गं. तुम्हीच सांगत नव्हता, म्हणून आम्हाला यायला तोंड नव्हतं.’’ म्हणजे १४ महिने दोन्ही घरे एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे तीच गोष्ट झाकत बसली होती. आज दुपारी त्या आमच्याकडे आल्या आणि आईजवळ तासभर बसल्या.

बाई, तुमच्या घरी येण्याची माझी तयारी आहे. आई येईल की नाही, हे सांगता येत नाही.

समाजसेवा_अधीक्षक

बैठकीसाठी चारच पथ्ये पाळू. तेथे ऐकलेले बाहेर जाणार नाही. कोणावरही बोलण्याची सक्ती नसेल. कसे घडले याचा तपशील तेथेही नको. आणि ‘आता पुरे झाले, सावरा’ असे कोणी कोणाला म्हणणार नाही. ज्यांना आठवडाभर झोप नाही किंवा स्वतःचे जगणे नकोसे झाले आहे, त्यांना मी बैठकीनंतर बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जाण्यासाठी मदत करीन, कारण एकत्र बसणे हे औषधोपचाराच्या जागी येऊ शकत नाही.

उत्तरकसबा (पाच आठवड्यांनंतर)

गेल्या रविवारी बाईंच्या घरी आम्ही बसलो. चार घरांतील ७ माणसे होती. मंगळवेढ्याहून त्या दोघी जावा आल्या होत्या, आणि पूर्वभागचे अण्णा मुलीला घेऊन आले होते. ती आतल्या खोलीत बाईंच्या नातीबरोबर खेळत होती.

आई शेवटच्या क्षणी चप्पल घालून रिक्षात येऊन बसली. तेथे पोहोचल्यावर मात्र जवळजवळ दीड तास तिने मान वर केली नाही. बाईंनी वर्तमानपत्र पसरून मधोमध शेंगा ओतल्या होत्या, आणि आई त्या फोडत राहिली. बाकीचे बोलत होते, थांबत होते. मंगळवेढ्याच्या वहिनी फक्त एवढेच म्हणाल्या की त्यांचे मालक बैलाशी माणसासारखे बोलायचे, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ती शांतता मला जड वाटली नाही. असे माझ्या बाबतीत बऱ्याच दिवसांनी झाले.

मग आईने एकाएकी गजराची गोष्ट सांगितली. कोणाकडे न बघता, शेंगांकडे बघत सांगितली. पावणेसहाला वाजतो, तो मागावर जायचा तेव्हाचा आहे, मला बंद करवत नाही, लोक ऐकतील तर वेडी म्हणतील. अण्णा म्हणाले, ‘‘मावशी, मी माझ्या बायकोचा नंबर अजून दर महिन्याला रिचार्ज करतो. तिचा आवाज आहे त्यात, तीन मेसेज आहेत.’’ आईने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काय म्हणते त्यात?’’ अण्णा म्हणाले, ‘‘येताना कोथिंबीर आणा, एवढंच म्हणते.’’

परत येताना सिद्धेश्वर तलावाजवळ आईने रिक्षा थांबवायला सांगितली. भाऊ लहान असताना गड्ड्याच्या जत्रेत हरवला होता आणि पाळण्यांपाशी सापडला होता, ती गोष्ट तिने मला पुन्हा सांगितली. मला ती पाठ आहे. तरी मी सगळी ऐकली.

गजर आजही वाजला. आज आईने मला हाक मारली आणि आम्ही दोघी तो संपेपर्यंत बसून राहिलो.

माजी_शिक्षिका

पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी ३ वाजता, माझ्याच घरी. पत्ता ज्यांना हवा त्यांनी मला खासगी निरोप पाठवावा.

बार्शीकरीण

मी हा धागा गेले चार दिवस वाचत आहे. माझे पती जाऊन दोनच महिने झाले आहेत. मी कोणाशी बोललेली नाही, आणि तेथे येऊन काही बोलता येईल असेही वाटत नाही. नुसती येऊन बसले तर चालेल का? सोलापुरात माझ्या ओळखीचे कोणी नाही.

माजी_शिक्षिका

या. दुपारच्या आत पोहोचेल अशी एसटी धरा, स्थानकावर उतरलात की मला फोन करा, मी न्यायला येते. आणि घरून जेवून निघू नका.